नागपूर खंडपीठ की जिल्हा न्यायालय: खर्च कोणावर?

वणी तालुक्यातील एका काकांनी सोयाबीनच्या पट्टीमागे खर्चाचे दोन रकाने आखून विचारले, की जावयाने इंग्लंडहून न सांगता गावी आणलेल्या नातवासाठी मुलीने कोठे दाद मागावी. एका पालकाने परदेशात नेलेले मूल परत मिळवण्यासाठीच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराच्या कलम २६ नुसार न्यायालय वकिलाचा व प्रवासाचा खर्च मूल नेणाऱ्यावर लादू शकते. पण भारत त्या करारात नाही, त्यामुळे तो आधार येथे मिळत नाही.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील हेबिअस कॉर्पस याचिका (ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर चालते. वकिलाची फी एकदम जड, पण फेऱ्या कमी. जिल्हा न्यायालयातील १८९० च्या पालकत्व कायद्याचा अर्ज सुरुवातीला स्वस्त, मात्र साक्षीपुराव्यांच्या तारखा लांबतात आणि परदेशातल्या आईला विमानभाडेच महाग पडते. जिंकणाऱ्याला खर्च देववता येतो, तरी प्रत्यक्ष भरपाई क्वचितच पुरते.

विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मुळे स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, दोन्हीकडे मोफत वकील मागता येतो. (काकांच्या रकान्यांत हे नव्हतेच.)

मूल नुकतेच आणले असेल आणि ताब्याबाबत परदेशी न्यायालयाचा आदेश हाती असेल, तर खंडपीठ. मूल येथे रुळले असून ताब्याचा कायमचा निर्णय हवा असेल, तर जिल्हा न्यायालय.