बिग गन की फास्ट गन?

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या युद्धनौकांची खरोखरची लढाई हा अमेरिकेतला छंद. प्रमाण 1:144, म्हणजे 251 मीटरची जर्मन युद्धनौका बिस्मार्क साधारण पावणेदोन मीटरची होते. बाजूंना बाल्सा या हलक्या लाकडाचं पातळ आवरण, आत कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या तोफा. छर्ऱ्याने भोक पडलं की पाणी शिरतं आणि बोट खरंच तळाला जाते.

खेळाचे मुख्य पंथ दोन. फास्ट गनमध्ये बहुतेक तोफा 4.5 मिलिमीटरचे छर्रेच झाडतात. नौका प्रमाणापेक्षा वेगात पळतात आणि तोफा बहुधा एकाच दिशेला रोखलेल्या असतात, त्यामुळे नेम धरायचा तो अख्खी बोट वळवून. शत्रूच्या कुशीला भिडायचं, पाणरेषेखाली भोकं पाडायची आणि सटकायचं. सगळी मदार सुकाणूवर.

बिग गनमध्ये मूळ तोफ जितकी मोठी तितका छर्रा मोठा, थेट पाव इंचापर्यंत. टरेट, म्हणजे तोफा बसवलेले बुरूज, फिरतात, वेग संथ. दिसायला हेच अस्सल, पण फिरत्या टरेटपर्यंत गॅसची नळी न पिळवटता नेणं हे डोकं पिकवणारं काम आहे. शिवाय पाव इंची छर्रा भोकही तसंच पाडतो. आत शिरलेलं पाणी उपसणाऱ्या बिचाऱ्या पंपाची दमछाक होते.

पहिली बोट बांधणाऱ्याने माझ्या मते फास्ट गनच घ्यावी, तीही रुंद बुडाची, आत हात घालून दुरुस्ती करता येईल अशी. लेथवर हात बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. अर्थात जवळच्या तळ्यावर जे खेळतात, तेच बांधावं लागतं. संरक्षक चष्मा मात्र दोन्हीकडे सक्तीचा.