इग्निशन स्विच: मागचा तुकडा बदलावा की अख्खा लॉक सेट?

मे सरता सरता चोर्ला घाट उतरत होतो. एका वळणावर डॅशबोर्डचे सगळे दिवे विझले, इंजिन बंद पडलं आणि स्टिअरिंग जड झालं. किल्लीला हातही लागला नव्हता. कडेला घेऊन पुन्हा मारली तर गाडी सुरू, पण किल्ली सोडली की बंद. गोव्यातल्या साखळी गावातल्या पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, अख्खा लॉक सेट, म्हणजे इग्निशनचं आणि दारांची कुलपं किल्ल्यांसकट, बदला. त्याची गरजच नव्हती, हे डिचोलीच्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत दाखवून दिलं.

आपण किल्ली घालतो ते कुलूप आणि त्याच्या मागे बसलेला विजेचा स्विच हे बऱ्याच गाड्यांत दोन वेगळे भाग असतात. किल्ली अडकते, हलवून हलवून फिरवावी लागते, तेव्हा कुलूप झिजलेलं असतं. किल्ली सहज फिरते पण करंट येतो-जातो, तेव्हा मागच्या स्विचवर संशय घ्यावा. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) लागतो, इंजिन पेटतं आणि किल्ली ‘स्टार्ट’वरून ‘ऑन’वर येताच मरतं, ही स्विचची सगळ्यात बोलकी खूण. ‘ऑन’चे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे आतले धातूचे तुकडे, करपलेले असतात.

तरी आधी बॅटरी बघा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, तो घासला की निम्मे ‘बिघडलेले’ स्विच बरे होतात. मग टेस्ट लॅम्प स्विचच्या वायरींना लावा. येणारी वायर मेली असेल तर फ्यूज बघा. करंट आत येतो पण ‘स्टार्ट’ला सेल्फच्या वायरीवर बाहेर पडत नाही, तर स्विच गेला. बाहेर पडतो तरी सेल्फ गप्प, तर स्विचला हात लावू नका. रिले, क्लचचा स्विच किंवा सेल्फच तपासा. किल्ली ‘ऑन’ला असताना डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर भानगड बहुधा इमोबिलायझरची, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची.

आता निवड. फक्त स्विच बदलला तर जुनी किल्ली तशीच चालते, चिपला धक्का लागत नाही आणि खर्च लॉक सेटच्या मानाने बराच कमी. कुलूप ठणठणीत असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. पण भाग कंपनीचाच घ्या. बऱ्याच गाड्यांत या एका स्विचमधून बराच करंट जातो. हलक्या डुप्लिकेटचे पॉइंट पुन्हा तापतात.

कुलूपच गेलं असेल तर ते बदलायलाच हवं. मात्र नुसतं इग्निशनचं कुलूप बदललं तर दारांना एक किल्ली आणि गाडीला दुसरी, असं होतं. पूर्ण सेट महाग, पण एकाच किल्लीत काम. नव्या किल्लीत चिप कोड करावी लागेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. शिवाय कुलूप पकडणारे बोल्ट पुष्कळदा घट्ट करतानाच डोकं तुटून जाणारे असतात, ते ड्रिल करून काढावे लागतात. हे काम घरी करू नका.

भंगारातला स्विच किंवा ‘वेगळं बटण बसवून देतो’ हा तिसरा मार्ग मला मान्य नाही. बटणामुळे गाडी चालू होईल, पण चोरालाही तितकीच सोपी होईल.

कोणताही भाग बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थोडं थांबा, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. कुलपात खोबरेल सोडू नका, त्यात धूळ चिकटते; कोरडी ग्रॅफाइट पूड चालते. किल्लीला घराच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवू नका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या अशाच कारणाने: जड जुडग्याने किंवा धक्क्याने किल्ली ‘ऑन’वरून खाली सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही.

आणि बदलेपर्यंत चालत्या गाडीत इंजिन मेलं, तर घाबरून किल्ली पार मागे ‘लॉक’ला नेऊ नका, स्टिअरिंग अडकेल. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप करू नका, आणि गाडी कडेला घ्या.