रोरीला पाहायला दिल्लीला गेलो होतो: गोल्फच्या मैदानावरचा एक दिवस, वसूल की फुकट?

आधीच सांगतो, मी गोल्फ खेळत नाही. आयुष्यात एकदाच ती काठी हातात घेतली, एका रिसॉर्टमधल्या मिनी गोल्फला, आणि बॉल सरळ स्विमिंग पूलमध्ये. पण पाहायचं वेड आहे. एप्रिल २०२५ ला गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय मास्टर्स ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा जिंकला आणि तिथेच ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गुडघ्यावर कोसळून रडला, तेव्हा आपल्याकडे पहाट होत होती, अख्खी रात्र जागून मी एकटा सोफ्यावर बसून डोळे पुसत होतो आणि बायको पाण्याला उठली तर म्हणते कोण गेलं हो? तर असा मी प्रेक्षक. त्यामुळे हा रिव्ह्यू खेळणाऱ्यांसाठी नाही, ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिलंय आणि प्रत्यक्ष जावं का असा किडा डोक्यात आहे त्यांच्यासाठी आहे.

स्पर्धा होती डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, १६ ते १९ ऑक्टोबर २०२५, दिल्ली गोल्फ क्लबला. बक्षिसाची रक्कम ४० लाख डॉलर, म्हणजे आपल्या देशात गोल्फला एवढा पैसा आधी लागला नव्हता. रोरी, टॉमी फ्लीटवुड, व्हिक्टर हॉवलँड, शेन लाउरी, सगळी रायडर कपवाली, म्हणजे अमेरिकेविरुद्ध युरोपकडून खेळणारी मंडळी. घोळ एकच, तारखा ऐन दिवाळीच्या तोंडावर. शनिवारी धनत्रयोदशी, सोमवारी पहाटे अभ्यंगस्नान, म्हणजे रविवारची फायनल पाहून घरी परतायचं तर विमान, आणि दिवाळीतली विमानाची तिकिटं पाहून मी मोबाईल उलटा ठेवून दिला. शेवटी गुरुवारी दुपारी नागपूरहून तेलंगाणा एक्स्प्रेस, शुक्रवार पूर्ण मैदानावर, रात्रीच्या गाडीने परत असं ठरवलं. शुक्रवारी वसूबारस होती. ते लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तसा शुक्रवार वाईट दिवस नाही बरं. चार दिवसांच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी कट लागतो, पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात, बाकीचे घरी. त्यामुळे जिंकणाऱ्यांपेक्षा कटच्या रेषेवर लटकलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आणि मैदानावर सगळेच्या सगळे खेळाडू असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांगच लागलेली. पहिल्यांदा जात असाल तर मी म्हणेन शुक्रवारच घ्या.

पास मेहुण्याने काढून ठेवले होते. तो नोकरीनिमित्त तिकडेच असतो आणि स्वतः खेळतो, म्हणून तर मला हे सगळं सुचलं. नवी दिल्ली स्टेशनवरून यलो लाइनने सेंट्रल सेक्रेटेरिएट, तिथून व्हायोलेट लाइनने खान मार्केट आणि पुढे ऑटो. सोपं आहे, कॅब करायच्या भानगडीत पडू नका.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी गोल्फ विसरलो. इंडिया गेटपासून हाकेच्या अंतरावर एवढी झाडी, मोर फिरताहेत, आणि मधेच मुघल काळातले मकबरे, लाल बंगला म्हणतात तो तर क्लबहाउसजवळच. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला गेल्यावर जसं वाटतं नं, तसं काहीसं, फक्त खाली गवत असं की चप्पल काढून चालावंसं वाटावं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, इथली गंमत ही झुडपंच आहेत. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारी कापलेल्या गवताची पट्टी, अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झुडूप, बॉल त्यात गेला की गेला. रोरीने तर आधीच सांगून टाकलं होतं की आपण या आठवड्यात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, वापरणार नाही. विचार करा, जगातला सगळ्यात देखणा ड्रायव्हर मारणारा माणूस आणि तोच शॉट आपल्याला पाहायला मिळणार नाही. म्हणजे लताबाईंच्या मैफिलीला जावं आणि बाईंनी नुसतंच गुणगुणावं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग मेहुण्याने मला सरावाच्या जागी नेलं, ड्रायव्हिंग रेंजवर, आणि माझ्या मते दिवसातली सर्वात भारी जागा ती होती. लोक थेट पहिल्या होलकडे पळतात (बॉल भोकात टाकेपर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल, असे अठरा), चूक करतात. रेंजवर खेळाडू एका ओळीत उभे, आणि आपण त्यांच्या मागे थोड्याच अंतरावर. आवाज ऐका फक्त. टीव्हीवर तो टक् असा येतो, इथे तसा नाही, आधी हवा फाडल्यासारखा एक सूं आणि मग कडक, कोरडा ठोका, आणि प्रत्येकाचा वेगळा. बॉल वर जातो तो कसा, दिवाळीत बाटलीतून बाण सुटतो तसा, खालून निघतो, आता संपला असं वाटतं तिथून पुन्हा चढतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो म्हणून हे वळण, ही उंची कधी कळतच नाही. मी अर्धा तास तोंड उघडं ठेवून पाहत होतो, मेहुण्याने दोनदा खांद्यावर हात ठेवला तरी हललो नाही.

त्यानंतर मी जो काही भैताडपणा केला तो तुम्ही करू नका. मला रोरीच्या मागे जायचं होतं. बम गर्दी! त्याचा ग्रुप आला की दोरीच्या बाहेर माणसांच्या चार-चार ओळी, तो मारतो, सगळे पुढे पळतात, तुम्ही पोचता तोवर पुन्हा चार ओळी. पाच होल असेच धावलो. मिळालं काय, तर एकदा टोपी, एकदा अर्धा खांदा, एकदा पूर्ण स्विंग पण तो समोरच्या काकांच्या बगलेतून. एकदा मात्र ग्रीनवरून पुढच्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी जाताना तो अगदी दोन हातांवरून गेला. उंचीला मध्यमच हो, पाच फूट नऊ इंच, आपल्या बाजारात भाजी घेताना दिसला तर लक्षही जाणार नाही, पण चाल अशी की जमीन त्याच्या नावावर आहे. ते चार सेकंद. बास. त्या चार सेकंदांसाठी नवीन बूट घालून पाच होल धावलो आणि डाव्या टाचेला फोड. अठरा होल पूर्ण चालायचे म्हटलं तर सात-आठ किलोमीटर होतात, नवे बूट घालून जाणाऱ्याला देवच वाचवो.

तिथे दगडावर बसून टाचेला पट्टी लावताना मला आपली नागपूरची मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काय होतं, काही पोट्टे काळ्या मारबतीच्या मागे मागे पळतात, धक्के खातात आणि त्यांना फक्त पुढच्याचं डोकं दिसतं. आणि जुनी माणसं सकाळीच नेहरू पुतळ्याजवळ एक बरी जागा पकडून बसतात, कारण काळी काय आणि पिवळी काय, शेवटी तिथेच येणार आहेत. गोल्फचं अगदी तेच आहे राजेहो. पळायचं नाही. जागा पकडायची. सगळे खेळाडू सगळ्या होलवरून जाणारच आहेत, जातील कुठे?

मग आम्ही एका पार थ्रीच्या ग्रीनजवळ, झाडाच्या सावलीत बैठक मारली. पार थ्री म्हणजे छोटा होल, एकाच फटक्यात बॉल ग्रीनवर यायला हवा, त्यामुळे बसल्याजागी पहिला शॉट पडतानाही दिसतो आणि पटिंगही, म्हणजे ग्रीनवर बॉल हळूच भोकाकडे ढकलणं. दर दहा-बारा मिनिटांनी नवा ग्रुप. दोन तास कसे गेले कळलं नाही. तिथे बसल्यावर खरा खेळ दिसायला लागला, की एकाच जागी पडलेला बॉल एकाचा थांबतो आणि दुसऱ्याचा हळूहळू, अगदी लाज वाटल्यासारखा, घरंगळत खाली जातो. कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा साथीदार, आणि खेळाडू कुजबुजताना ऐकू येतं. तीन फुटांचा पट हुकल्यावर माणसाची मान कशी खाली जाते ते दिसतं, टीव्हीवर तोपर्यंत दुसऱ्याचा शॉट दाखवायला लागलेले असतात.

आणि झुडपातला तो एक प्रसंग. शेजारच्या होलवर एकाचा बॉल थेट झाडीत गेला. शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात, आधी पाच असायची, २०१९ पासून तीन केली. तो खेळाडू, कॅडी, दोघं मार्शल आणि दोरीच्या बाहेरून आम्ही वीस-पंचवीस प्रेक्षक, सगळे माना वाकवून झुडपात डोळे फाडून बघतोय, एक काकू तर अंगठी हरवल्यासारख्या तळमळीने. सापडला नाही. तो बिचारा मागे चालत गेला, एका फटक्याचा दंड आणि पुन्हा पहिल्यापासून. कोणी हसलं नाही की ओरडलं नाही. नाव सांगत नाही, पण मी त्याच क्षणी त्याचा फॅन झालो.

शांततेबद्दल बोलायलाच हवं. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला नागपूरच्या जामठा स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे पाहिली होती, तिथे शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. इथे उलट. मार्शलने हात वर केला की शेकडो माणसं गप्प, पानं पडलेली ऐकू येतात, आणि ही शांतता बघायला, म्हणजे ऐकायला, मला फार आवडली. आता त्याच शांततेत माझा मोबाईल वाजला. मोठ्याने. सायलेंटवर टाकायचा राहिला होता. मार्शलने पाहिलं, कॅडीने पाहिलं, पट मारायला वाकलेला माणूस सरळ उभा राहिला आणि त्यानेही पाहिलं. फोन घरून होता. नंतर झाडामागे जाऊन उचलला तर सौ. म्हणाली, ‘इथं गाय-वासराची पूजा मी एकटी करून राह्यली, अन् तुम्ही कुजबुजत काहून बोलता?’ काय सांगणार.

खाण्याबद्दल दोनच ओळी. एका स्टॉलवर सँडविच घेतलं, ब्रेड कोरडा आणि किंमत अशी की त्यात नागपुरात चौघांची तर्री पोहा आणि वर चहा झाला असता. ऑगस्टाला मास्टर्समध्ये पिमेंटो चीज सँडविच अजूनही दीड डॉलरला देतात, त्यांना परवडतं ते इथल्या स्टॉलवाल्याला का परवडू नये हा प्रश्न मी मेहुण्याला विचारला, तो म्हणाला भाऊजी खा गुपचूप. पोटभर खाऊन निघा एवढंच सांगतो. टोपी न्या. ऑक्टोबरचं दिल्लीचं ऊन आपल्या मे महिन्यासमोर काहीच नाही, पण सावलीशिवाय सहा तास म्हणजे सहा तास असतात, त्यात हवा धुरकट, संध्याकाळी घसा खवखवत होता. आणि मोबाईलवर लाइव्ह स्कोअर उघडून ठेवा, नाहीतर कोण पुढे कोण मागे काही पत्ता लागत नाही, पहिल्या दिवशी लाउरीने अठरा होल ६४ फटक्यांत संपवून आघाडी घेतली होती हे मला ट्रेनमध्ये वाचलं म्हणून माहीत होतं. पार (होलला ठरवून दिलेले फटके), बर्डी (त्यापेक्षा एक कमी), बोगी (एक जास्त) एवढं घरून शिकून जा, तिथे विचारत बसलात तर लोक प्रेमाने सांगतात पण तोवर पट पडून जातो.

एक भीती माझ्या मनात होती की हा साहेब लोकांचा खेळ, आपण तिथे कसे दिसू. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की छावणीतले कर्नलसाहेब किंवा सिनेमातला श्रीमंत बाप. आणि हो, गॉगल-पोलो शर्टवाली मंडळी पुष्कळ होती. पण याच मैदानावर २०१५ ची इंडियन ओपन अनिर्बान लाहिरीने प्लेऑफमध्ये जिंकली आणि हरला तो एसएसपी चौरसिया, ज्याचे वडील कोलकात्याच्या क्लबात ग्रीनकीपर होते, गवत राखायचे, आणि हा त्यांच्यासोबत राहून बघून बघून शिकला. पुढच्याच वर्षी, २०१६ ला, चौरसिया इथेच जिंकला. हे मेहुण्याने त्या झाडाखाली सांगितलं आणि मग माझी पोलो शर्ट नसल्याची लाज गेली. माझ्या अंगात विदर्भ रणजी जिंकला तेव्हा घेतलेला टीशर्ट होता. एका मार्शलने विचारलंही, नागपूर का? म्हटलं हो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो ड्रायव्हर न पाहता आल्याचा, तो स्पर्धेचा दोष नाही, झुडपांचा आहे, पण माझं मन खट्टू झालं ते झालंच. स्पर्धा कोण जिंकतंय हे कळायला जायचं असेल तर नका जाऊ, घरी टीव्हीवर दहापट जास्त दिसतं. लहान पोरांना नेत असाल तर तासाभरात कंटाळतील, रेंज आणि मोर दाखवून परत आणा. पण ज्याला हा खेळ आवडतो त्याने एकदा तरी त्या दोरीला टेकून तो ठोका ऐकावा.

रविवारी संध्याकाळी घरी होतो. बायको चकल्या पाडत होती आणि मी मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून बघत होतो. फ्लीटवुड जिंकला, २२ अंडर, म्हणजे पारपेक्षा २२ फटके कमी, जपानच्या केइता नाकाजिमापेक्षा दोन फटके पुढे. त्याचा लहान पोरगा फ्रँकी, त्याचं म्हणे स्वप्न होतं की बाबा जिंकल्यावर आपण पळत ग्रीनवर जायचं, आणि ते पोट्टं खरंच पळत आलं, बापाने उचललं. मी पुन्हा डोळे पुसले. बायकोने सोऱ्या बाजूला ठेवून पाहिलं, तिलाही आवडलं.

‘हाच का तुमचा रोरी?’

‘नाही, तो टॉमी.’

‘मग रोरी कितवा आला?’

‘सव्विसावा.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग चकल्या तेलात सोडत म्हणाली, ‘सव्विसाव्यासाठी गेले होते नं तुम्ही वसूबारसेला?’