रंग बदलणारं गच्चीचं कोटिंग : गोव्यात घ्यावं का?

आमचं घर फोंड्याला, वरच्या खोल्या थेट स्लॅबखाली, एप्रिल-मे मध्ये रात्री अकरा वाजले तरी वरून धग येत राहते, स्लॅबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून अर्ध्या गच्चीवर ते तापमानाप्रमाणे रंग बदलणारं पॉलिमर कोटिंग मारून घेतलं आणि उरलेल्या अर्ध्यावर साधं पांढरं अॅक्रिलिक, कळू दे एकदाचं काय फरक पडतो ते.

ह्याच्यात रंगाच्या बारीक कॅप्सूल असतात, गार असताना राखाडी, तापलं की रंग जातो आणि आतलं टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं दिसायला लागतं. डीलरने नमुन्याची पट्टी दिलेली, ती उन्हात पांढरी झाली की वर पाण्याचा थेंब टाकायचा, तेवढाच गोल परत राखाडी! पोरं दिवसभर तेच करत बसली.

आता कामाचं. दुपारी दोनला दोन्हीकडे अनवाणी उभं राहता येतं, खालच्या खोल्यांतही मला तरी काही फरक जाणवला नाही, आणि भाव मात्र जवळजवळ तिप्पट. अहो, हा रंगबदल आहेच थंडीवाल्या देशांसाठी, छताने हिवाळ्यात ऊन शोषावं, हीटरचं बिल वाचावं म्हणून. अमेरिकेतल्या बर्कलेच्या संशोधकांनी 2021 मध्ये व्हॅनेडियम डायऑक्साइडचं तापमानाप्रमाणे वागणं बदलणारं एक कोटिंग केलं, ते साधारण 22 अंशांच्या खाली गेलं की उष्णता बाहेर टाकणं कमी करतं. पणजीत जानेवारीच्या रात्री 20 च्या आसपास असतात, आणि तेव्हाही आमच्याकडे पंखा चालू. कसला हीटर!

दुसरं, डीलर सांगतो छत आकाशात उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतं. होतं, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी 2014 मध्ये भर उन्हात जवळजवळ 5 अंश गार करून दाखवलंय, पण निरभ्र आकाशाखाली. ही उष्णता 8 ते 13 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातून बाहेर जाते आणि हवेत बाष्प जास्त असलं की ती वाट बरीचशी बंद होते. आपली मे महिन्यातली चिकचिक माहीत आहे ना, मग झालं तर.

पावसाळ्यानंतर खरी गंमत. शेवाळ दोन्हीकडे धरलं, घासल्यावर साधं परत पांढरंफेक, आणि ह्या स्मार्टचे मोठमोठे पट्टे पिवळट पांढरे होऊन बसलेत, रंग बदलतच नाहीत. ह्या रंगांना अल्ट्राव्हायोलेट सोसत नाही. म्हणजे तिप्पट पैसे देऊन शेवटी पांढरंच कोटिंग मिळालं की! डीलरला फोन केला तर म्हणे वॉरंटीत पावसाळा येत नाही. गोव्यात धंदा करतोस ना बाबा?

पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक त्या पट्टीचा.

घ्यायचंच तर साधं पांढरं घ्या, शेवाळ वायर ब्रशने काढून, भेगा भरून, स्लॅब खडखडीत सुकल्यावरच मारा, नाहीतर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतील. आणि कोकमाची सोलं सुकत घालाल तर खाली प्लॅस्टिक घाला, तो डाग काही केल्या जात नाही.