प्राध्यापकी की प्रकाशनगृह? हवामानावर लिहू पाहणाऱ्यासाठी

एम.ए. झालंय, दुष्काळ-पूर-समुद्रावर कादंबरी लिहायची आहे आणि पोटासाठी कॉलेज धरावं की प्रकाशनगृह, हे ठरत नाही. पगारापासूनच सुरू करू, घरचे तेच आधी विचारणार.

नेट या प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबरोबर जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. पीएच.डी.ला किमान ३ वर्षं. मग कायम जागा मिळाली तर मूळ वेतन ५७,७००. यातला ‘तर’ फार जड आहे. भरती रखडली की नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) झालेली माणसंही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. तास नाही तर पैसे नाहीत, म्हणजे मे महिना कोरडाच. प्रकाशनगृहात सुरुवातीचा पगार बेताचा, पण मुद्रितशोधनापासून आत शिरता येतं.

लेखनाची किंमत कोण करतं? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या २०१८च्या नियमांत मानव्यविद्यांच्या एका शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १०, अनुवादित पुस्तकाला ८. कादंबरीला वेगळा रकाना नाही. सहा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी विभागात पेढे वाटण्यापुरती. शिवाय ‘सदर संहितेतील पर्यावरणीय जाणिवेचे स्वरूप’ अशी वाक्यं रोज लिहिली की ती कथेतही डोकावतात. प्रकाशनात उलटं. दुसऱ्याच्या हस्तलिखितातला लोंबणारा परिच्छेद पकडता पकडता स्वतःचाही दिसायला लागतो. फक्त संध्याकाळी डोळे उरत नाहीत.

विद्यापीठाच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र मांडायलाच हवी. इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार अमिताव घोष मानववंशशास्त्रात ऑक्सफर्डचे डॉक्टरेट. १७ मार्च १९७८ला, दिल्लीत एम.ए. करताना, ते टोर्नेडोच्या भोवऱ्यात सापडले. पुढे इतक्या कादंबऱ्या लिहिल्या, पण तो प्रसंग कथेत बसेना. कुणाला खरा वाटला नसता. तो का बसत नाही, याचा विचार त्यांनी मांडला शिकागो विद्यापीठातल्या व्याख्यानांत, आणि त्याचं पुस्तक २०१६ला आलं. कथेला न पेलणारं काही असलं की ते ठेवायला विद्यापीठात जागा असते. (तिथे ते निमंत्रित होते, हजेरीपट घेऊन नव्हे.)

माझ्या मते निर्णय व्हावा तो ऋतूंवर. हवामानावर लिहायचं तर त्याच गावात पुन्हा पुन्हा, त्याच महिन्यात जावं लागतं. कॉलेजची मोठी सुट्टी मे महिन्यात, म्हणजे माण-खटावला टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांशेजारी बसता येतं. प्रकाशनात मे मोकळा असेलच असं नाही, आणि जुलै-ऑगस्टपासून दिवाळी अंक मानगुटीवर. ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, तेव्हा एकाचं सत्र ऐन रंगात, दुसरा प्रुफांत. पूर दोघांचाही हुकतो. दुष्काळ निदान प्राध्यापकाच्या वाट्याला येतो.

म्हणून जेआरएफ हातात असेल तर पीएच.डी. घ्या, आणि विषय असा निवडा की ग्रंथालयाइतकंच शिवारात जावं लागेल. नसेल, तर तासिकांवर आशेने थांबू नका, प्रकाशनात जा. मुलाखतीत पगाराआधी एवढं विचारून घ्या, की दिवाळी अंकाचं काम किती जणांत वाटलेलं असतं आणि पावसाळ्यात सलग चार दिवस रजा मिळते का.