पुढच्या चाकातला आवाज अखेर सापडला: कोल्हापूर उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा अनुभव

माझी पेट्रोल हॅचबॅक 9 वर्षं जुनी, 82 हजार किलोमीटर झालेत. पावसाळा संपल्यापासनं पुढनं आवाज यायला लागला. मोठ्या खड्ड्यात नाही हं, डांबर उखडून खडी वर आलेल्या रस्त्यावर 20-30 च्या स्पीडला खडखड खडखड आणि मधेच एक टक्. हायवेला काहीच नाही. घरचे सगळे याच गाडीतनं फिरतात, त्यामुळे चाकाकडनं आवाज म्हटल्यावर जिवाला घोर लागला होता.

आधी दोन ठिकाणी दाखवली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला रॅम्पवर चढवली, चाकं हलवली आणि दोन्ही शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्म सगळं बदला म्हणून 19 हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. गाडी चालवून कुणी बघितलीच नाही. दुसरीकडे ब्रेक पॅड बदलले, आवाज तसाच.

मग मित्राने उद्यमनगरातल्या या गॅरेजला पाठवलं. एक मामा आणि एक पोरगा, एवढंच. मामांनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "चला साहेब, तुम्ही चालवा, मी ऐकतो." मागच्या गल्लीत खडबडीत रस्ता आहे तिथं नेलं, दोन्ही काचा खाली, रेडिओ बंद, एसी बंद. खडखड चालू झाल्यावर म्हणाले, आता ब्रेकवर नुसता पाय टेकवा, गाडी थांबवायची नाही. टेकवला आणि खडखड गेली! पाय काढला, परत आली. पण ते टक् मात्र पाय टेकवलेला असतानाही येतच होतं. तीन महिने मी ज्याला एक आवाज समजत होतो ते दोन होते, एक ब्रेकचा आणि एक सस्पेन्शनचा, आणि म्हणूनच एक पार्ट बदलून काही फरक पडत नव्हता.

परत आल्यावर चाक काढलं. पॅड नवे, पण पॅड जागेवर घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगच्या पत्त्या जुन्याच बसवलेल्या, चपट्या होऊन ताण गेलेल्या. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनेवरचं रबर फाटलेलं, आत ग्रीस नावाला नाही, हाताने हलवला तर कॅलिपर खट्खट् वाजत होता. ब्रेक टेकवला की पॅड डिस्कवर दाबून बसतात म्हणून तेवढ्यापुरता आवाज बंद. नव्या पत्त्या, नवीन रबर आणि पिनेला ब्रेकचंच वेगळं ग्रीस, कारण साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन अडकते, हे मामांनी पोराला माझ्यासमोर परत एकदा सांगितलं.

टक् शोधायला मात्र गाडी परत जमिनीवर घेतली. हे मला फार आवडलं. रॅम्पवर दोन्ही चाकं सारखीच लोंबतात, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या बारला पीळच बसत नाही, त्यामुळे त्या बारच्या टोकाला असतो त्या लिंक रॉडचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपून राहतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवलं, पोरगा बाजूने गाडी हलवायला लागला आणि मामांनी माझा हात धरून चाकामागनं लिंक रॉडच्या खालच्या गोळ्यावर ठेवला. दर हेलकाव्याला बोटाला टिचकी मारल्यासारखं लागत होतं. आणि ते डाव्या बाजूला, मी सगळ्यांना शपथेवर उजवीकडनं आवाज येतोय म्हणून सांगत होतो. मामा म्हणाले लोखंडातनं आवाज कुठनंही कुठं जातो, कानापेक्षा बोट खरं.

बाकीचंही बघितलं. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं, बॉल जॉइंट, बेअरिंग, रॅक एंड ठीक. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवून स्टेअरिंग फिरवायला लावलं, अडकत नाही. शॉकअपला तेलाचा थेंब नाही. ज्या शॉकअपचं एस्टिमेट मिळालं होतं ते शाबूत! लोअर आर्मच्या बुशाला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, वरवर बारीक चिरा आहेत, पण पहार लावून दाबला तरी फाटलेला नाही, "आत्ता पैसे घालू नका, पुढच्या सर्व्हिसला बघू." जेव्हा बदलाल तेव्हा बोल्ट शेवटचा टाइट करायचा तो गाडीचं वजन चाकांवर घेऊनच, लोंबत्या चाकावर कसला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो, हेही सांगून ठेवलं.

दोन्ही लिंक रॉड, पत्त्या, रबर, मजुरी सगळं धरून 2,850 रुपये. त्यातले 300 नुसते आवाज शोधायचे, वेगळे लिहिलेले. मला ते 300 सगळ्यात जास्त पटले. जुने पार्ट पिशवीत घालून दिले.

खटकलं काय तर बसायला जागा नाही, फोन कामात उचलत नाहीत, एका वेळी एकच गाडी घेतात त्यामुळे मला दोन दिवस थांबावं लागलं, आणि सोमवारी बंद. गाडी मात्र सकाळी थंड असतानाच न्या आणि आवाज कधी येतो ते आधी नीट बघून ठेवा, वळताना की खड्ड्यात, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, मामा पहिलं तेच विचारतात. आणि ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाजत असेल तर दोन दिवस नंबर लावून बसू नका, जवळ जे गॅरेज असेल तिथं त्याच दिवशी पॅड उघडून बघा.

गेल्या रविवारी आईला घेऊन गगनबावड्याला जाऊन आलो. येताना रस्त्याचं काम चाललंय तिथं मुद्दाम काच खाली केली, नुसता टायरखालच्या खडीचा आवाज.