ठाण्यातील फ्रीमेसन लॉज : एका सदस्याने केलेले परीक्षण

फ्रीमेसन ही बंधुत्वावर उभी असलेली जुनी पुरुषांची संघटना आणि ‘लॉज’ म्हणजे तिची स्थानिक शाखा. ठाणे-मुलुंड परिसरात अशा लॉजविषयी चौकशी करणाऱ्यांपैकी काहींना बंद दाराआड नेमके काय चालते हे जाणून घ्यायचे असते, तर काहींना तेथे गेल्याने धंद्याला उपयोगी ओळखी होतील का, एवढेच हवे असते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याची निराशा करणारी आहेत. मात्र महिन्यातून एक संध्याकाळ नियमाने देऊ शकणाऱ्या, पाठांतराचा कंटाळा नसणाऱ्या आणि आपल्या कार्यालयाबाहेरची, आपल्या जातीबाहेरची चार माणसे जवळून ओळखावीत असे वाटणाऱ्या गृहस्थाला ही संस्था काय देते, याचे उत्तर सविस्तर देण्याजोगे आहे. पुढील मजकूर एका साध्या सदस्याचे वैयक्तिक मत आहे, लॉजची अधिकृत भूमिका नव्हे. म्हणूनच लॉजचे नाव आणि क्रमांक येथे दिलेला नाही.

मासिक सभेची सूचना सचिवांकडून काही दिवस आधी येते. तिला ‘समन्स’ असे भारदस्त नाव असले, तरी तिच्यात असते ती साधी कार्यक्रमपत्रिका : मागील सभेचे इतिवृत्त, नव्या अर्जदारावरील मतदान, त्या दिवशीचा विधी आणि त्यानंतरचे भोजन. सभा कामाच्या दिवशी संध्याकाळी असल्याने घोडबंदर रस्त्याने येणाऱ्यांची दमछाक ठरलेली. त्यात गडद सूट आणि टाय हा पोशाख मे महिन्यातही सुटत नाही. घामाघूम होऊन पोहोचल्यावर त्यावर पांढरा एप्रन बांधायचा आणि उपस्थितीपटावर सही करायची. दाराबाहेर ‘टायलर’ हा पदाधिकारी हातात उघडी तलवार घेऊन उभा असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे नाटकी वाटते, आणि आहेही. पण आत गेल्यावर फोन बंद होतो आणि पुढचे दीड-दोन तास कोणीही तो बाहेर काढत नाही, हा त्या तलवारीचा प्रत्यक्ष फायदा मी मान्य करतो.

आतली रचना ठरलेली असते. मध्यभागी काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, पूर्वेला अध्यक्ष म्हणजे वर्शिपफुल मास्टर, पश्चिमेला सीनियर वॉर्डन आणि दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. इतिवृत्त वाचून कायम झाले, की बहुतेक वेळा तीनपैकी एखाद्या पदवीचा विधी होतो. एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन अशा या तीन पायऱ्या आहेत. दगडी इमारती उभारणाऱ्या गवंड्यांची हत्यारे प्रतीके म्हणून वापरून माणसाने कसे वागावे हे त्यांत सांगितले जाते. या विधींविषयी बाजारात इतकी पुस्तके उपलब्ध आहेत, की गुप्त राखावे असे फारसे काही उरलेले नाही. परस्परांना ओळखण्याच्या खुणा एवढेच काय ते सदस्यांनी बाहेर सांगू नये अशी अपेक्षा असते, आणि मीही त्या सांगणार नाही.

विधीतील आशयापेक्षा तो सादर करण्याची पद्धत मला अधिक मोलाची वाटते. पानेच्या पाने इंग्रजी गद्य, तेही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील वळणाचे, तोंडपाठ म्हणायचे असते. हातात कागद घेण्याची पद्धत नाही. महापालिकेतून निवृत्त झालेला अभियंता, ऐरोलीतील कंपनीत संगणकावर काम करणारा तरुण आणि गोखले रोडवर दुकान असलेला व्यापारी हे तिघे एकाच परिच्छेदाशी झगडतात. एखाद्याची जीभ अडखळली, तर माजी अध्यक्षांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात पुढचा शब्द पुरवतो आणि बाकी सभा जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने बसून राहते. मासिक सभेआधी सूट-एप्रनच्या थाटाविना, चहाच्या पेल्यांसह होणाऱ्या तालमी असतात; मैत्री खऱ्या अर्थाने जमते ती तेथेच. सभेला येणारा पण तालमीला न येणारा सदस्य वर्षानुवर्षे पाहुण्यासारखाच राहतो, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट खुर्चीची. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. एकेक पद सांभाळत वर आलेला सदस्य वर्षभर पूर्वेच्या आसनावर बसतो, त्याच्या पदग्रहणाचा मोठा सोहळा होतो आणि वर्ष संपले की तो खाली उतरून इतरांच्या रांगेत येतो. आपल्याकडील गृहनिर्माण संस्था आणि उत्सव मंडळे ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना एखाद्या माणसाने अध्यक्षपद वेळच्या वेळी, भांडण न करता सोडणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे हे वेगळे सांगायला नको. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्या मुलाच्या वयाच्या अध्यक्षासमोर उभे राहून परवानगी घेऊन बोलतात, हे दृश्य मला दर वेळी समाधान देते.

सभागृहाच्या मध्यवर्ती पीठावर एकच धर्मग्रंथ नसतो. ग्रँड लॉज ऑफ इंडिया या देशातील शिखर संस्थेच्या अखत्यारीतील लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले जातात आणि नवा सदस्य आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. हे आज सहज वाटते, पण सुरुवातीला तसे नव्हते. मुंबईतील युरोपियनांच्या लॉजनी पारशी समाजातील माणेकजी कर्सेटजी यांना प्रवेश दिला नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली; पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 1843 मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना सामावून घेणारे लॉज स्थापन झाले. कोलकात्यात 1884 मध्ये तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, एका लॉजचे सदस्य झाले होते. स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया मात्र 24 नोव्हेंबर 1961 रोजी अस्तित्वात आली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. आजही देशातील काही जुनी लॉज इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या ग्रँड लॉजशी जोडलेली आहेत. आमच्या सभेला येणाऱ्या पारशी, सिंधी, मल्याळी आणि मराठी सदस्यांपैकी बहुतेकांना हा इतिहास अर्धवटच माहीत आहे. अधूनमधून होणाऱ्या व्याख्यानांत तो सांगितला जातो, पण तेव्हा सर्वांचे लक्ष घड्याळाकडे आणि जेवणाकडे लागलेले असते.

त्या जेवणाला ‘फेस्टिव्ह बोर्ड’ म्हणतात, आणि लॉजचे सामाजिक जीवन तपासायचे असेल तर ते येथेच तपासावे. ठरलेल्या क्रमाने शुभेच्छांचे टोस्ट होतात, अगदी शेवटचा टायलरचा टोस्ट दूर असलेल्या आणि अडचणीत सापडलेल्या बांधवांसाठी असतो. पेल्यात मद्यच हवे अशी सक्ती नाही. श्रावणात तर निम्म्याहून अधिक पेल्यांत पाणी किंवा सरबत असते आणि सामिष पदार्थांकडे कोणी फिरकत नाही, त्यामुळे केटररला त्या महिन्याचा अंदाज कधीच बरोबर येत नाही. सभेत धर्म आणि राजकारण या विषयांवर चर्चा करण्यास मनाई आहे आणि जेवणाच्या टेबलावरही तो संकेत बऱ्यापैकी पाळला जातो. ठाण्यात चार माणसे एकत्र आली की पाचव्या मिनिटाला राजकारण निघते. येथे ते निघत नाही, म्हणून माणसे आपल्या आईच्या आजारपणाविषयी, मुलाच्या परदेशी जाण्याविषयी, कर्जाविषयी बोलू लागतात. माझ्या मते या संस्थेची सर्वांत शहाणी तरतूद हीच आहे.

जेवणाचा दर्जा मात्र बेताचा. विधी लांबला की पुलाव थंड होतो, आणि विधी बहुधा लांबतोच. त्यानंतर आभाराची भाषणे. काही ज्येष्ठ माजी अध्यक्षांना दोन मिनिटे बोलायला सांगितले, तर ते प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या पदवीचा पूर्ण उच्चार करत पाव तास घेतात. डोंबिवली-बदलापूरकडे परतणारे सदस्य तोवर एकेक करून निसटलेले असतात. पदव्या, पदके आणि कॉलर यांचा सोस संस्थेत जरा जास्तच आहे. सर्वांना एका पातळीवर आणण्याचा उपदेश ऐकून झाल्यावर टेबलावर कोणाच्या शेजारी कोण बसणार यावरून रुसवे व्हावेत, हे बरे दिसत नाही.

दोन सभांच्या मधल्या काळातील काम मला अधिक भरीव वाटते. प्रत्येक लॉजमध्ये ‘आल्मनर’ नावाचा एक पदाधिकारी असतो. आजारी सदस्यांची विचारपूस करणे आणि दिवंगत सदस्यांच्या पत्नींशी संपर्क ठेवणे, त्यांना गरज असल्यास गाजावाजा न करता मदत पोहोचवणे हे त्याचे काम. आमच्याकडे हे पद सांभाळणारे काका फोन करतात तेव्हा दोन वाक्यांत चौकशी संपवत नाहीत. औषधे कोण आणून देते, रात्री सोबतीला कोण असते, हेही विचारतात. एका सदस्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाते आणि रुग्णालयातील रात्रपाळीची सोबत यांची यादी संध्याकाळपर्यंत तयार झालेली मी पाहिली आहे. मासिक सभेत फिरवल्या जाणाऱ्या पिशवीत कोणी किती टाकले हे कोणाला दिसत नाही. त्यातून आणि वेगळ्या देणग्यांतून शहापूर, मुरबाडकडील शाळांना वह्या-दप्तरे देणे, नेत्रतपासणीची शिबिरे घेणे अशी कामे होतात. ती उपयुक्त आहेत, मात्र रोटरी आणि लायन्स यांच्या तुलनेत त्यांचा आवाका लहान आहे. ज्याला प्रामुख्याने समाजसेवा करायची आहे त्याने त्या क्लबांकडे जावे, हे मी मोकळेपणाने सांगेन. येथे दानधर्म हा बंधुत्वाचा एक भाग आहे. संस्था त्यासाठी स्थापन झालेली नाही.

आता उणिवांविषयी थोडे अधिक. ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये स्त्रियांना सदस्यत्व नाही. ॲनी बेझंट यांनी स्त्री-पुरुषांना एकत्र प्रवेश देणारी को-मेसनरी भारतात रुजवली, पण ती शाखा निराळी आणि आमच्या व्यवस्थेत तिला मान्यता नाही. आमच्या घरच्यांच्या वाट्याला येते ती वर्षातील कौटुंबिक संध्याकाळ, एखादी सहल आणि दिवाळीच्या सुमारास होणारे स्नेहभोजन. या कार्यक्रमांत गाणी होतात, मुलांना बक्षिसे मिळतात, सगळे छान असते. तरीही महिन्यातून अनेक संध्याकाळी पती कुठे असतो आणि तेथे काय करतो हे पत्नीला पूर्णपणे कळू नये, ही रचना आजच्या घरात खटकतेच. परंपरेचा दाखला देऊन हा प्रश्न टाळला जातो, आणि तो टाळणाऱ्यांत मला रस वाटत नाही.

भाषेचा अडसरही आहे. सभेबाहेर, वाहनतळावर आणि तालमीच्या चहावर मराठी मुक्तपणे चालते, परंतु विधी इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेला, विचाराने पक्का आणि स्वभावाने दिलदार असा माणूस केवळ त्या जुन्या इंग्रजीच्या धास्तीने पदे नाकारतो, हे मी पाहिले आहे. निदान व्याख्याने आणि नव्या सदस्यांना द्यायची माहिती मराठीत असावी, एवढी सूचना अनेकांनी केली. मान डोलावली गेली, पुढे काही झाले नाही. तरुण सदस्य कमी येतात आणि आलेले कामाच्या पाळ्यांमुळे टिकत नाहीत, याच्याशी या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असे मला वाटते.

खर्चाचे म्हणाल, तर प्रवेशशुल्क आणि वार्षिक वर्गणी मध्यमवर्गीयाला झेपणारी असते, ठाण्यातील एखाद्या बऱ्या जिमच्या वर्षभराच्या फीच्या आसपास. त्याशिवाय सूट, एप्रन, जेवणाचा वाटा आणि देणग्या धराव्या लागतात. पद मिळत गेले की खर्चही वाढतो. वर्शिपफुल मास्टरच्या वर्षात तर खिसा चांगलाच हलका होतो, आणि हे आधी कोणी स्पष्टपणे सांगत नाही. व्यवसायासाठी ओळखी मिळवणे हा हेतू असेल तर हा पैसा वाया जाईल. सदस्यत्वाचा वापर स्वतःच्या फायद्यासाठी करू नये असे पहिल्याच टप्प्यावर बजावले जाते, आणि भेटकार्डे वाटत फिरणाऱ्याकडे बाकीचे हळूहळू पाठ फिरवतात.

प्रवेशाची पद्धत जुनी आणि संथ आहे. सदस्यत्वासाठी इच्छुकाने स्वतः पुढे येऊन विचारावे अशी परंपरा आहे. ओळखीत कोणी सदस्य नसेल, तर मुंबईत फोर्ट भागात असलेल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये पश्चिम विभागाच्या रीजनल ग्रँड लॉजचे कार्यालय आहे, तेथे चौकशी करता येते. ईश्वरावर, मग तो कोणत्याही नावाचा असो, विश्वास असणे ही अट आहे. नास्तिक मित्रांनी अर्ज करून स्वतःची आणि इतरांची अडचण करू नये. अर्जानंतर मुलाखत होते, नंतर सदस्यांचे गुप्त मतदान होते आणि त्यात मोजकी विरोधी मते पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. या सगळ्यात काही महिने सहज जातात. बहुतेक वेळा चौकशी समितीचे सदस्य अर्जदाराच्या घरीही येतात आणि कुटुंबाची संमती आहे ना, हे पाहतात. त्या दिवशी त्यांना चहा-पोहे देऊन गप्प बसण्याऐवजी पत्नीने आपले सगळे प्रश्न त्यांना समोरासमोर विचारावेत : वर्षाला एकूण किती पैसे लागतील, महिन्यात खरोखर किती संध्याकाळी जातील आणि सभेच्या रात्री माणूस किती वाजता घरी येईल. शेवटच्या प्रश्नाला ‘दहापर्यंत’ असे उत्तर मिळेल. त्यात निदान एक तास मिळवून मगच होकार द्यावा.